पोटभर जेवून आलो

माझे वडील मला माहीत असलेलं एकच खोटं बोलले, पण ते वर्षानुवर्षं बोलले. बाजारात वांग्यांचा भाव सांगताना मळेवाला माणूस जे बोलतो ते सोडून द्या, ते कुणी खोट्यात धरत नाही. पण अकोल्याला माझ्या सासरच्या ओट्यावर बसून ते जे सांगायचे, "पोटभर जेवून आलो," ते शुद्ध खोटं होतं. हे मला ठाऊक होतं, माझ्या सासूबाईंना ठाऊक होतं, आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. बाबा उठले की ते कुत्रं त्यांच्या मागे मागे निघायचं. वळणावरच्या कडुनिंबाखाली बसून बाबा आपली शिदोरी सोडणार आणि भाकरीचा तुकडा आपल्यालाही मिळणार, हे त्याच्या पक्कं ध्यानात आलं होतं.

आता तो कडुनिंब नाही आणि ते अकोलाही नाही. तेव्हा सरकारी कागदावर मध्यप्रांत आणि वऱ्हाड असं लांबलचक लिहिलेलं असायचं, आम्ही आपले नुसतं वऱ्हाड म्हणायचो. हिवाळ्यात कापसाच्या बैलबंड्यांची रांग सरकी काढायच्या जिनापासून थेट आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लागायची. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा दिवसभर वाजत राहायच्या, अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यांवर कापसाची म्हातारी येऊन बसायची, आणि सासूबाई ती वेचून काढता काढता सगळ्या जिनवाल्यांचा उद्धार करायच्या. माझे मालक देवीदास शाळेत मास्तर होते. घर लहान, पण खाऊनपिऊन सुखी. जेवायला वाढून नाही म्हणावं असं ते घर नव्हतं.

बाबांचं नाव शालिकराम. अंजनगाव सुर्जीला आमचा भाजीचा मळा होता. अंजनगावहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला, असा प्रवास करत ते वांगी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, मेथी, कधी केळीचे घड आणि दसऱ्याच्या आधी झेंडूची फुलं बाजारात आणायचे. माल उठला की पाय धुऊन, उपरणं झटकून माझ्याकडे यायचे. मला बघायला यायचे, असं म्हणायचं, पण बघणं तरी काय होणार? ते ओट्यावर, मी दाराच्या आत, आणि मध्ये उंबरा. जावयाच्या घरात पाय ठेवला तर पाट मांडतील आणि पाट मांडला तर नाही म्हणायची पंचाईत, म्हणून ते आतच यायचे नाहीत.

रीत अशी होती की लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचा घास घ्यायचा नाही. काही घरांत पाणीसुद्धा चालत नसे, आणि बाबा त्या काही घरांतले. स्वतःचा पितळी लोटा ते बरोबर घेऊन यायचे. ही रीत कुणी काढली कोण जाणे. ज्याला लग्नानंतर वर्षभरात नातू झाला अशाच कुणीतरी काढली असणार. माझ्या लग्नाला किती वर्षं झाली हे मी मोजणं सोडून दिलं होतं. सासूबाईंनी सोडलं नव्हतं. वैद्य झाले, मूर्तिजापूरची सुईण झाली, सोमवार झाले, आणि कूस काही उजवली नाही. गल्लीतल्या बायका ज्याबद्दल हळू बोलत, ते बाबांच्या त्या लोट्यामुळे गल्लीभर दिसायचं. ते ओट्यावर उपाशी बसले की माझं वांझपण माझ्याआधी लोकांना दिसायचं. म्हणून मला त्यांच्या येण्याचा आनंद व्हायचा, आणि ते आले की अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात आई नव्हती. मी लहान असतानाच ती गेली आणि बाबांनी दुसरी केली नाही. मळ्यातल्या खोपडीत ते स्वतःच भाकर थापायचे. माझ्या आठवणीतल्या त्या भाकरी मधे जाड, कडेला करपलेल्या आणि तरी खमंग. मोट सुटली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून आम्ही दोघं जेवायचो, चुलीत भाजलेलं वांगं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. "पोटभर झालं का?" असं ते विचारायचे आणि माझ्या उत्तरावर कधीही विश्वास ठेवायचे नाहीत. माझ्या तोंडाकडे बघायचे, मग आपल्या भाकरीतला चतकोर माझ्याकडे सरकवायचे. तो चतकोर खाल्ल्यावर मला जी सुस्ती यायची ती मला आजही आठवते. आंब्याच्या सावलीत मी तशीच आडवी व्हायची आणि उठायची तेव्हा सावली दुसरीकडे गेलेली असायची.

पोटभर हा त्यांचा शब्द होता. वाफ्याला पाणी सोडताना गड्याला सांगायचे, वांग्यांना पोटभर पाजव, नुसतं ओठ ओले करू नको. बैल दावणीला बांधले की, त्याइले पोटभर खाऊ दे, मंग हात फिरव. मी सासरी निघाले तेव्हा काकू मला गप्प करायला लागल्या, तर म्हणाले, रडू द्या पोरीले पोटभर. आणि मी रडले. पुढे कधी तशी रडले नाही, कारण पुढे कधी कुणी तशी सवड दिली नाही.

एकदा मालकांनी शाळेतल्या मुलांना या शब्दाची वाक्यं करायला सांगितली होती. घरी येऊन ते हसत सांगत होते की सगळ्या वर्गानं जेवणाचीच वाक्यं केली, एकानंही पोटभर हसलो, पोटभर झोपलो असं लिहिलं नाही. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, माझ्या बापाचं वाक्य लिहून घ्या, पोटभर जेवून आलो, आणि पुढच्या तासाला मुलांना त्याचा अर्थ विचारा. ते हसायचे थांबले. माणूस चांगला होता, फक्त रीत मोडायची म्हटली की त्यांना आधी आईकडे बघावं लागायचं.

वाट सापडली ती अचानक. एका शनिवारी बाबा बाजारातून येत होते आणि मी पाण्याची घागर घेऊन मारुतीच्या देवळापाशी उभी होते. पुजाऱ्यानं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर खोबरं ठेवलं, तसं त्यांच्याही ठेवलं. बाबांनी ते कपाळाला लावून खाल्लं. नारळ आमच्या घरचा होता. सासूबाईंनी सकाळीच फोडायला पाठवला होता. म्हणजे माझ्या घरचं ते खात नव्हते, पण देवाच्या हातून आलं तर खात होते. घागर डोक्यावर चढवेपर्यंत माझं ठरून गेलं होतं.

मार्गशीर्षात मारुतीला रोडगे करायचे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, गव्हाच्या जाडसर पिठाचे थरावर थर देऊन गोळे करायचे आणि उघड्यावर गोवऱ्यांचा आर पाडून त्यात भाजायचे. हे घरातल्या चुलीवरचं काम नव्हे. देवळाच्या आवारात, नाहीतर शेतात, आभाळाखालीच करायचं. बरोबर तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि वर तूप. आर देवळाचा, नैवेद्य मारुतीचा, मग जेवण माझ्या घरचं कसं होईल? सासूबाईंनी विचारलं, नवस कशाचा. मी म्हटलं, देवाला जेवू घालायला नवसच लागतो का? त्यांनी तोंड वाकडं केलं, पण देवाच्या कामाला नाही म्हणायची त्यांचीही छाती नव्हती.

पुढच्या खेपेला मी उंबऱ्याच्या आतून बाबांना सांगितलं की मारुतीला रोडगे आहेत, मळ्यातली वांगी घेऊन या. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उपरण्यानं डोळे पुसले. गल्लीत बंड्यांची धूळ होती, मला वाटलं डोळ्यांत गेली असेल. त्या दिवशी जेवून आलो असं सांगायलाही ते विसरले आणि घाईघाईनं गाडीला निघून गेले.

रोडग्यांच्या दिवशी ते नवं धोतर नेसून आले. वांग्यांची टोपली अशी की कुणाच्या लग्नाला पुरावी, एकेक वांगं काटेरी देठाचं, कोवळं, अजून दव पुसलेलं नाही असं. गोवऱ्या रचायला त्यांनीच घेतल्या. देवळामागे मोर्णा नदीच्या काठावर धूर पसरला, बायका वांगी चिरायला बसल्या, आणि बाबा आराशी बसून रोडगे उलटेपालटे करत होते. मधेच गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी पीठ मळता मळता त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, माणूस नुसत्या जेवणाच्या आशेनं एवढा हरखतो, तर मी हे आधी का नाही केलं.

धास्ती एकच होती. प्रसाद घासभर घ्यायचा असतो. त्यांनी घासभर खाऊन हात जोडले तर? मग माझे रोडगे मारुतीला पोचले असते आणि बाबा पुन्हा त्या कडुनिंबाखाली जाऊन बसले असते. मला त्यांना घासभर घालायचं नव्हतं. माझ्या हातचं त्यांनी उठवेना इतकं खावं, खाऊन तिथेच देवळाच्या पडवीत आडवं व्हावं, एवढंच मला हवं होतं. लेकरू माझ्या हातात नव्हतं, हे तरी असावं.

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळीवर बाबांनी रोडगा कुस्करला, मधे आळं केलं, वरण ओतून घेतलं, आणि जेवायला लागले. घासभर कसलं! पहिला रोडगा संपला, दुसरा घेतला, भाजी मागून घेतली. मान खाली घालून, बोटं चाटत, घामाघूम होऊन ते जेवत होते. सासूबाई वाढता वाढता माझ्याकडे बघून गेल्या. त्यांच्याही तोंडावर मला समाधान दिसलं. इतकी वर्षं त्यांच्या घरचा अन्नाचा कण नाकारला गेला होता, ते त्यांनाही कुठेतरी लागलं असणार. मी तुपाचं भांडं घेऊन बाबांच्या पानापाशी गेले, तेव्हा त्यांनी मांडीजवळ ठेवलेलं एक गाठोडं डाव्या हातानं माझ्याकडे सरकवलं. वर न बघता हळूच म्हणाले, "तुह्यासाठी हाय. एकटीनंच खाजो."

मी देवळाच्या खांबाआड जाऊन गाठ सोडली. आत चिंचा होत्या. आवळे होते. एक कवठ होतं, आणि खाली फडक्यात वेगळी बांधलेली हिरवी बोरं.

आंबट खायला कुणाला देतात हे वऱ्हाडातल्या बाईला सांगावं लागत नाही. अंजनगावला देवाला रोडगे म्हणजे फेडलेला नवस. मूल नसलेल्या लेकीनं मारुतीला रोडगे केले आणि बापाला मुद्दाम बोलावलं, याचा बापानं दुसरा अर्थ कसा लावावा? ते ओट्यावर डोळे पुसत होते ते धुळीनं नाही. ते आता मारुतीचा प्रसाद खात नव्हते. नातू येणार म्हणून लेकीच्या घरचं जेवत होते, आणि म्हणून पोटभर जेवत होते.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी गाठोड्यात बघितलं आणि त्यांनाही सगळं समजलं. त्या म्हणाल्या, आत्ता बोलू नको, जेवू दे माणसाला. त्यांचं खरं होतं. आणखी थोडा वेळ मी गप्प बसले असते तर बाबा तृप्त होऊन उठले असते, जे मला इतकी वर्षं हवं होतं ते झालं असतं. पण पुढे? ते संध्याकाळच्या गाडीनं अंजनगावला जाणार, मळ्याशेजारच्या सगळ्यांना सांगणार, मग दर खेपेला माझ्या पदराकडे बघणार आणि विचारता न आल्यामुळे काही विचारणार नाहीत. आणि मला तर त्यांना खोटं पचवायला लावून जेवू घालायचं नव्हतं. खोट्यावर ते माझ्या दारात पुष्कळ बसले होते. उलट सांगावं, तर ते पानावरून उठणार. पानावरून उठलेला बाप पुन्हा लेकीच्या दाराशी येत नाही. ओट्यावरचं ते बसणंसुद्धा गेलं असतं.

मी जाऊन त्यांच्या पानासमोर बसले.

"बाबा, तुमी समजून राहिले तसं काई नाई."

त्यांचा घास हातातच राहिला. "कसं नाई?"

"नवस नोयता. लेकरू नाई. तुमाले माह्या हातचं जेवू घालाचं होतं, म्हणून केले रोडगे."

पंगतीतल्या बाकीच्यांचं बोलणं चालू होतं, कुणी वरण मागत होतं. बाबांनी घास पत्रावळीत ठेवला. त्यांचा चेहरा मी बघत होते, आणि तो आनंद त्यांच्या तोंडावरून उतरताना मला बघावा लागला. आयुष्यात मी पुष्कळ वाईट बघितलं. त्याहून वाईट काही बघितलं असं मला वाटत नाही. त्यांनी खरकटा हात पानावर तसाच धरला आणि दुसरा हात जमिनीला टेकला. माणूस उठताना टेकतो तसा.

मालक वाढायचं थांबून लांब उभे होते. पुढे आल्या त्या सासूबाई. जिच्या तोंडून इतक्या वर्षांत माझ्यासाठी सरळ शब्द आला नाही ती बाई पदर सावरून आपल्या व्याह्यांना म्हणाली, "इवाई, मारोतीचा परसाद हाय. पानावरून उठू नका."

"परसाद घासभर असते, इहीनबाई," बाबा म्हणाले. "म्या त पोटभर खाल्लं. हे तुमच्या घरचंच जेवण झालं."

मला वाटलं संपलं. रीत मोडली, तीही फसवून मोडली, आणि ती मोडणारी मी. बाबांनी जमिनीवरचा हात उचलला. मला वाटलं आता उठतील. पण तो हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, सगळ्यांच्या समोर, एवढ्या मोठ्या बाईच्या डोक्यावर.

"लेकरू होईस्तोवर जेवू नाई म्हणते," ते सासूबाईंना म्हणाले. "लेकरू त तुमच्या घरी कवाचंच हाय, इहीनबाई. माह्यं हाय. मीच मेला इतके वर्स दारात बसून उपाशी जात राहिलो."

मग मला म्हणाले, "वाढ, माय."

मी रोडगा वाढला. वर ओतलेलं तूप अर्धं पानात आणि अर्धं त्यांच्या नव्या धोतरावर सांडलं. त्यांनी खाल्ला. पहिल्यासारखा हरखून नाही, सावकाश, मधे मधे थांबून. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, ते डाव्या हातानं पुसत होते आणि खात होते. मी समोरच बसून राहिले. पान संपलं तशी त्यांनी वर बघितलं आणि मी विचारायच्या आधीच पुन्हा पान पुढे केलं. भूक उरली नव्हती त्यांची, हे मला दिसत होतं. ते माझ्यासाठी खात होते.

संध्याकाळी ते घरी आले. उंबऱ्याशी थबकले, मग आत आले. सासूबाईंनी पाट मांडला आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. ते त्यांनी घटाघटा प्यालं. मालक शाळेच्या तपासणीच्या गोष्टी सांगत बसले. बाबा मान डोलावत होते, आणि मधेच स्वयंपाकघर, पडवी, फळीवरची भांडी, माझी चूल, सगळं बघून घेत होते. लेक आत कशी राहते हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चिंचा आणि आवळे सासूबाईंनी काही न बोलता लोणच्याला घेतले. गाडी चुकली आणि बाबा मुक्कामाला राहिले.

मला पुढेही लेकरू झालं नाही. हे सांगताना आता मला काही वाटत नाही, तेव्हा वाटायचं. रीत पाळून ते वाट बघत बसले असते तर माझ्या हातचं न जेवताच गेले असते, एवढं मात्र मनात येतंच. त्यानंतर पुष्कळ वर्षं ते येत राहिले. माल उठला की सरळ आत यायचे, टोपली कोपऱ्यात ठेवून पाटावर बसायचे. दात गेले तेव्हा मी भाकर दुधात कुस्करून द्यायची. अंजनगावची गाडी उशिरा आली तरी त्यांचं पान झाकून ठेवलेलं असायचं, आणि एखादे दिवशी मला वाढायला जरा उशीर झाला, तर मास्तरांच्या देखत ते माझ्यावर चक्क रागवायचे.